एकतीस गणंग

पिशवीच्या तळाशी एकतीस गणंग निघाले.

डॉक्टरांनी ते टेबलावर ओतले, बोटाने एकेक बाजूला सारत मोजले आणि खात्रीसाठी पुन्हा मोजले. फुटून लाही न होता तसाच टणक राहिलेला मक्याचा दाणा म्हणजे गणंग. दर पिशवीत असे पाच-सहा असायचेच, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण दोनशे दाण्यांत एकतीस म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलं होतं. आणि काय बिघडलंय ते शोधून काढणं हाच तर डॉक्टरांचा धंदा.

ते खरे डॉक्टर नव्हते. पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्यासमोर चालू केला जायचा. मग ते हातभर लांबीची पोलादी कांडी घ्यायचे, तिचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचे, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. रोग्याच्या छातीला नळी लावावी तसे. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडायचे. पंप ठीक असेल तर त्याच्या अंगावर हिरव्या खडूने एक खूण आणि खाली सही. ठीक नसेल तर काही न बोलता मोटर बंद. यावरूनच कुणीतरी कधीतरी त्यांना डॉक्टर म्हटलं, आणि आता पगाराच्या चिठ्ठीवरचं त्यांचं खरं नाव वाचलं तर नवीन माणसाला हे कोण म्हणून विचारावं लागायचं.

कंपन मोजायचं मीटर कारखान्यात होतं. ते आकडा दाखवायचं आणि तो आकडा कागदावर चढायचा. पण मीटरने पास केलेला पंप डॉक्टरांनी अडवला, आणि उघडून बघितल्यावर बेअरिंगच्या एखाद्या गोळीवर सुईच्या टोकाएवढा खड्डा निघाला, असं इतक्यांदा झालं होतं की पॅकिंगवाला मीटरच्या कागदाकडे बघायचाही नाही. हिरवी खूण दिसली की खोका बंद.

दुपारी चारच्या लाह्या ही डॉक्टरांनीच पाडलेली पद्धत. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला, तेव्हा बायकोने तळलेलं सगळं बंद केलं. चार वाजता पोटात कावळे ओरडायचे. मग त्यांनी घरचा जुना मायक्रोवेव्ह उचलून तपासणी विभागाच्या कोपऱ्यात आणून ठेवला. थर्मासच्या झाकणाने एक माप मका, खाकी कागदाची पिशवी, तोंडाला दोन घड्या. टाचणी किंवा पिन अजिबात नाही, आत ठिणग्या उडतात. तेलसुद्धा आत नाही. फुटून झाल्यावर वरून चार थेंब, म्हणजे मीठ आणि मिरपूड चिकटायला आधार मिळतो. विकतच्या तयार पाकिटाला ते लाह्यांचं प्रेत म्हणायचे.

सगळी करामत बंद कधी करायचं यात होती. डॉक्टर घड्याळ कधीच लावायचे नाहीत. बटण पाच मिनिटांवर फिरवून दाराशी उभे राहायचे. आधी एखाद-दुसरी फट, मग एकदम सरबत्ती, मग ती विरळ होत जायची. दोन फटींच्या मधे मनातल्या मनात सावकाश ‘एक, दोन’ म्हणता आलं की दार उघडायचं. त्याआधी उघडलं तर गणंग, नंतर उघडलं तर कोळसा. कारखान्यातल्या इतरांनी घड्याळ लावून करून बघितलं होतं आणि दोनदा सगळा मजला धुराने भरून टाकला होता. तेव्हापासून ते बटण डॉक्टरांशिवाय कुणी फिरवायचं नाही, असा अलिखित नियम झाला.

सोमवारी एकतीस निघाले तेव्हा डॉक्टरांनी दोष मक्यावर टाकला. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असणार. मंगळवारी दुसऱ्या दुकानातून सीलबंद पाकीट आणलं. अठ्ठावीस.

पॅकिंगवाला मूठभर तोंडात टाकून थबकला, गाल जरा वाकडा केला आणि म्हणाला, “डॉक्टर, या लाह्या आहेत की छर्रे?”

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांना ते लागलं. शेजारच्या टेबलावर नवी इंजिनिअर मुलगी बसायची. दोन वर्षांपूर्वी आराखड्यांच्या विभागात लागलेली आणि गेल्या चार महिन्यांपासून तपासणी शिकायला इकडे पाठवलेली. ती दिवसभर इतके प्रश्न विचारायची की पॅकिंगवाल्याने तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं, आणि तिनेही ते हसत स्वीकारलं होतं. ती म्हणाली की दाण्याच्या आतलं पाणी वाफ होऊन टरफल फोडतं, तेव्हा दाणा वाळला असेल तर फुटायचा नाही. डॉक्टरांना हे पटलं. त्यांनी बरणीत मका घेतला, चमचाभर पाणी घातलं, झाकण लावून हलवला आणि दोन दिवस मुरत ठेवला.

गुरुवारी तेहतीस.

“मग मायक्रोवेव्हच थकला असेल,” प्रश्नपत्रिका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत चमक आली, कारण आता मोजायला काहीतरी मिळालं होतं. तिने लिटरभर पाणी मोजून आत ठेवलं, आधीचं तापमान घेतलं, दोन मिनिटं तापवलं, ढवळलं, पुन्हा तापमान घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर गुणाकार-भागाकार केला. पाणी वीस अंशांनी तापलं होतं. म्हणजे सातशे वॅटच्या आसपास. मागच्या बाजूच्या पट्टीवर छापलेला आकडाही तोच.

“हा ठणठणीत आहे, काका,” ती म्हणाली, जरा निराश होऊनच.

डॉक्टरांनी मान हलवली. पण घरी जाताना मूठभर मका कागदात बांधून बरोबर घेतला.

त्या संध्याकाळी घरी ते जेवणाच्या टेबलावर मक्याचे दाणे पसरून बसले होते. बायको स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती. तिने तीनदा विचारलं, असं तिचं म्हणणं. चौथ्यांदा ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की टीव्ही एवढा मोठा असतो की शेजारचे स्वतःचा टीव्ही न लावता आपल्यावरच बातम्या ऐकतात. डॉक्टर वैतागून म्हणाले की टीव्हीचं काही नाही, तीच हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते.



“मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय,” ती म्हणाली. “शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा माझा आवाज. अजून पोचतो.”

एवढं बोलून ती आत गेली. डॉक्टरांनी पेपर उघडला आणि एकच बातमी चारदा वाचली.

यंत्रातला दोष शोधायची रीत त्यांनी आजवर कितीतरी जणांना शिकवली होती. शक्य असतील तेवढी कारणं एकाखाली एक लिहायची आणि तपासून एकेक खोडत जायचं. शेवटी जे उरेल ते कितीही नकोसं वाटलं तरी दोष तिथेच. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी एका कागदावर लिहिलं: दाणे. ओल. मायक्रोवेव्ह. पिशवी. पिशवी तर वर्षानुवर्षं त्याच प्रकारची होती. चारही शब्दांवर रेघा मारून झाल्या. पाचवा शब्द त्यांनी लिहिला नाही. कागदाची घडी करून खिशात घातली.

त्या दिवशी घाई होती. बाहेरगावी मोठ्या हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहत होती. तिच्या प्रत्येक मजल्यावर आग लागली तर पाणी पोचवायचे चोवीस पंप याच कारखान्यातून जायचे होते. सोमवारी तिथे सरकारी तपासणी. ट्रक दारात येऊन उभा होता, सहाला निघणार होता. चोवीसच्या चोवीस पंपांवर डॉक्टरांची हिरवी खूण आठवड्याभरात झाली होती. त्यातले अठरा ट्रकमध्ये चढले होते, उरलेले सहा खोक्यांत बसायची वाट बघत होते.

चार वाजता डॉक्टरांनी पिशवी भरली, तोंडाला दोन घड्या घातल्या आणि प्रश्नपत्रिकेला हाक मारली. तिला सांगितलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहा, आणि फट असा आवाज आला की बोट वर कर. दर आवाजाला एकदा.

“कशासाठी?” तिने विचारलं.

“आधी कर. मग विचार.”

बटण फिरलं. डॉक्टर दाराशी नेहमीच्या जागी उभे राहिले, एक हात दाराच्या मुठीशी आणि दुसरा पोटाशी धरून. सरबत्तीत मोजायला काही वावच नव्हता; तिचं बोट नुसतं थरथरत होतं. मग आवाज विरळ होऊ लागले. डॉक्टर प्रत्येक आवाजाला आपलं बोटही पोटाशी उचलू लागले. फट: तिचं बोट, त्यांचं बोट. फट: तिचं, त्यांचं. त्यांना जरा हायसं वाटलं. फट: दोघांचं. मग शांतता. एक, दोन. त्यांच्या हाताने सवयीने मूठ धरली.

त्यांनी तो मागे ओढला.

तिचं बोट वर गेलं.

डॉक्टरांना फक्त आतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. तिचं बोट पुन्हा वर गेलं. ते वाकले, कान काचेच्या अगदी जवळ नेला. घरघर. बोट वर. लगेच पुन्हा वर. ती चुकत असेल, नादात करत असेल, म्हणून त्यांनी काचेतून आत बघितलं. तिच्या बोटाबरोबर पिशवीचा फुगलेला कागद हलला. प्रत्येक वेळी. तिचं बोट वर, कागदाला धक्का. त्यांना आवाज नाही.

सत्तावीस वेळा. मग तिचंही बोट खाली राहिलं, आणि डॉक्टरांनी ‘एक, दोन’ म्हणून दार उघडलं.

त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. लाह्या पांढऱ्याशुभ्र, करपल्याचा मागमूस नाही. तळाशी चार गणंग.

पॅकिंगवाला वासावर आलाच. त्याने मूठ भरली, जपून चावून बघितलं आणि मान डोलावली. “वा. आज जमलं बुवा.” दुसरी मूठ घेऊन तो ट्रककडे गेला.

प्रश्नपत्रिका वळून उभी होती. आता मी विचारू का, असा तिचा चेहरा. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते खिडकीतून बाहेर उभ्या ट्रककडे बघत होते.  मनाने मात्र धावपळ सुरू केली होती. लाहीचा आवाज हवेतून येतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. मध्ये काच, कागद, पंखा. कांडीचं तसं नाही. कांडी थेट हाडाला लागते. ती गोष्ट वेगळी. दोन्हींची तुलना करायची काय गरज?

पण ज्याने आयुष्यभर इतरांना ‘गरज काय म्हणू नका, बघा’ असं सांगितलं, त्याला आता न बघता राहता येईना.

त्यांनी उरलेल्या सहांतला एक पंप पुन्हा तपासणीच्या चौथऱ्यावर घ्यायला सांगितला. पॅकिंगवाल्याने कपाळाला हात लावला. झालेलं काम पुन्हा कशाला, ट्रकवाला आधीच डोकं खातोय, वगैरे. पण डॉक्टरांना नाही म्हणायची सवय तिथे कुणालाच नव्हती. पंप चढला, जोडला गेला, सुरू झाला. त्याच्या अंगावर डॉक्टरांची मंगळवारची सही होती.

डॉक्टरांनी कांडी टेकवली. डोळे मिटले. गोल, भरीव, सारखा वाहणारा आवाज. कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. सुरेख पंप. त्यांनी कांडी काढली आणि तिच्या हातात दिली.

तिने टेकवली. पाच सेकंद गेली. दहा. तिच्या कपाळावर एक आठी उमटली आणि तिने कांडी अर्ध्या इंचाने सरकवली. विसाव्या सेकंदाला तिने डोळे उघडले, पण बोलायला ती तयार नव्हती.

“बोल,” डॉक्टर म्हणाले.

“माझं चुकत असेल.”

“काय ऐकू येतं ते सांग. चूक-बरोबर मी बघतो.”

“खालचा आवाज छान आहे,” ती म्हणाली. “त्याच्या वर, खूप वर, काहीतरी आहे. बारीक वाळू चाळल्यासारखं. येतं, जातं. शाफ्टच्या फेऱ्याबरोबर.”

बारीक वाळू चाळल्यासारखं. हे शब्द त्यांचेच होते. चार महिन्यांपूर्वी त्यांनीच तिला शिकवले होते. डॉक्टरांनी कांडी परत घेतली, ती सांगत होती नेमक्या त्याच जागी टेकवली आणि हाड दुखेल इतकी दाबली. गोल, भरीव, सारखा आवाज. वर काही नाही. वर नुसती पोकळी. आणि ती पोकळी किती दिवसांपासून आहे ते त्यांना सांगता येत नव्हतं, कारण नसलेला आवाज आपण ऐकत नाही हे माणसाला कळणार कसं?

तिने मोटर बंद केली.  तिला सगळं कळलं होतं. पण ती जे बोलली ते डॉक्टरांच्या अपेक्षेबाहेरचं होतं.

“काका, मागच्या पंधरवड्यातही एकदा मला असंच ऐकू आलं होतं. तुम्ही सही केली होती. मग मला वाटलं, माझाच कान अजून तयार नाही.”

डॉक्टर बाजूच्या स्टुलावर बसले. बहिरेपणाचं एवढं नाही, पण हे वाक्य त्यांना झेपलं नाही. ऐकू येणाऱ्या माणसाने ऐकलं होतं, आणि त्यांच्या सहीने त्याला गप्प केलं होतं.

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

कारखाना सांभाळणाऱ्या साहेबांची केबिन वरच्या मजल्यावर, काचेची. साहेब फोनवर हॉस्पिटलच्या माणसाला सांगत होते की माल उद्या सकाळी दारात असेल, काळजी नको. वयाने ते डॉक्टरांपेक्षा वीस वर्षांनी लहान. शिकाऊ म्हणून आले तेव्हा कांडी कशी धरायची ते डॉक्टरांनीच त्यांना दाखवलं होतं. डॉक्टर जिना चढून स्वतः वर आलेले बघून त्यांनी फोन आटोपता घेतला आणि कुणाला लागलंबिगलं का, असं विचारलं.

डॉक्टर उभेच राहिले. म्हणाले, “ट्रक थांबवा, साहेब. माझ्या कानांवर आता भरवसा ठेवू नका.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लाह्यांपासून. ऐकताना साहेबांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते विरलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“कधीपासून?”

“माहीत नाही. तेच तर सांगायला आलोय.”

साहेबांनी टेबलावरचे मीटरचे कागद पुढे ओढले. मग हळू आवाजात बोलू लागले, इतक्या हळू की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं. त्यांचं म्हणणं असं होतं की चोवीसच्या चोवीस पंप मीटरने पास आहेत, कागद पूर्ण आहेत, नियमाने यापलीकडे काही लागत नाही. डॉक्टरांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. सोमवारपासून ती मुलगी ऐकेल, डॉक्टरांनी नुसतं शेजारी उभं राहावं. ही गोष्ट या केबिनच्या बाहेर जायचं काही कारण नाही. कुणाला कळणार नाही. छत्तीस वर्षांच्या माणसाला शेवटच्या वर्षात खाली मान घालायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा.

हे सगळं ते मनापासून म्हणत होते. त्यामुळेच ते जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर डॉक्टरांना सोपं पडलं असतं. काचेतून खाली दिसत होतं, पॅकिंगवाला एकोणिसावा खोका उचलायला माणसं बोलावत होता. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. एक शब्द. मग खाली जाऊन उरलेल्या लाह्या खायच्या होत्या.

“नियमाने पुरत असतं, तर इतकी वर्षं मला पगार कशाचा दिलात?” डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी काचेतून खाली ट्रककडे बघितलं.

“त्या इमारतीत माणसं पलंगावर झोपलेली असणार, साहेब. उठून पळता न येणारी.” त्यांचा आवाज जरा चढला होता, आपला आवाज चढलाय हेही त्यांना साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं. “तुम्ही थांबवणार नसाल तर मी ट्रकसमोर जाऊन उभा राहतो. म्हातारा माणूस आहे, हॉर्नही ऐकू येणार नाही.”

साहेबांनी फोन उचलला. आधी खाली, मग हॉस्पिटलला.

अठरा पंप खाली उतरवायला पाऊण तास लागला. पॅकिंगवाल्याने पहिले दोन उतरवताना जी बडबड केली ती तिसऱ्यापासून बंद झाली. कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं. नंतर तो डॉक्टरांच्या नजरेला नजर न देता काम करत राहिला, आणि हे बडबडीपेक्षा वाईट होतं.

डॉक्टरांनी ओलं फडकं घेतलं आणि चोवीस पंपांवरच्या आपल्या चोवीस सह्या पुसल्या. हिरवा रंग बोटांना लागला. मग ते मोटरच्या बटणापाशी उभे राहिले आणि कांडी प्रश्नपत्रिकेच्या हातात गेली.

पहिल्या तीन पंपांना तिने फार वेळ घेतला. प्रत्येकावर कांडी दोन-तीनदा काढून पुन्हा टेकवली. चौथ्याला ती रडकुंडीला आली. म्हणाली की एकदा ऐकू येतं, एकदा येत नाही, आणि मी चुकले तर? डॉक्टरांनी मोटर बंद केली आणि तिला पाणी प्यायला लावलं. मग तिला सांगितलं की घाई करू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, साहेबांकडेही नको. शंका आली की पंप बाजूला. शंका पटवून द्यायची जबाबदारी तुझी नाही, शंका म्हणजेच नापास. हे त्यांनी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं. कारण त्यांना स्वतःला कित्येक वर्षांत शंका आलीच नव्हती.

त्यानंतर काम चाललं. बटण चालू, तिचे मिटलेले डोळे, डॉक्टरांची तिच्या कपाळावर खिळलेली नजर, बटण बंद. आठी पडली नाही की त्यांचा श्वास सुटायचा. आठी पडली की ते स्वतःच पंप बाजूला घ्यायला सांगायचे. पंप चांगला निघावा असं त्यांना वाटत होतं, आणि आपल्याला ते वाटतंय याची लाजही वाटत होती. तिचा हिरवा खडू एकेका पंपावर उमटत गेला. सही अजून शाळेतल्यासारखी, पूर्ण आडनावासकट.

चार पंप बाजूला निघाले. लगेच उघडले. तीन पंपांच्या बेअरिंगवर डाग होते, एकाच्या तर गोळीचा टवका उडायच्या बेतात होता. चौथ्यात काहीच सापडलं नाही, बेअरिंग आरशासारखं. ती ओशाळली. डॉक्टर म्हणाले, चालेल. साडेआठच्या सुमाराला वीस पंप घेऊन ट्रक निघाला. उरलेले चार दुरुस्त करून रविवारी वेगळ्या गाडीने पाठवायचं ठरलं.

घरी बायकोने ताट वाढलं. तिला सगळं सांगताना डॉक्टर पहिल्यांदाच तिच्या ओठांकडे बघत बोलले.  शेवटी एवढंच म्हणाली की मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे मी येणार आहे बरोबर, मला सांगू नका की वेळ नाही.

शनिवारी सकाळी साहेबांनी डॉक्टर, प्रश्नपत्रिका आणि पॅकिंगवाला या तिघांना बोलावलं. ट्रकचं निभावलं होतं, पण आधी गेलेल्या मालाचं काय? कुठल्या तारखेपासूनच्या सह्या संशयाच्या धरायच्या? डॉक्टरांना काहीच सांगता येईना. मीटरच्या नोंदींतून काही कळण्यासारखं नव्हतं.  तेवढ्यात पॅकिंगवाला खाकरला. चुळबुळ करत म्हणाला की लाह्यांत गणंग बरेच दिवस वाढलेत, त्याची दाढ त्यातल्याच एकावर तुटली होती, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. दाताच्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच्या पाकिटात होती. तारीख सात आठवड्यांपूर्वीची.

“सात आठवडे धरू मग,” साहेब म्हणाले.

“सहा महिने धरा,” डॉक्टर म्हणाले. “दाढ तुटायच्या आधीही गणंग असणारच. त्याने ते गिळले असतील.”

सहा महिन्यांत एकशे चाळीसच्या वर पंप गेले होते. शाळा, पाणीपुरवठ्याच्या टाक्या, एक दूध डेअरी, दोन मोठ्या इमारती. प्रत्येक ठिकाणी कळवायचं, पंप बंद ठेवायला सांगायचं, माणूस आणि कांडी पाठवायची. साहेब म्हणाले की पत्र काढू, कारखान्याच्या नावाने. ‘काही तांत्रिक कारणास्तव’ असा मजकूर. डॉक्टर म्हणाले की पत्र टपालात पडून राहतं, फोन करायला हवा, आणि तो मी करतो. प्रश्नपत्रिका म्हणाली की काका, मी बोलते ना, तुम्ही फक्त यादी वाचा. तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांनी मान हलवली. सह्या माझ्या आहेत, म्हणाले.

पहिला नंबर एका पाणीपुरवठा केंद्राचा होता. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला. मागे यंत्रांचा गोंगाट होता. डॉक्टरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, पगाराच्या चिठ्ठीवरचं, मग कारखान्याचं, मग पंपाचा क्रमांक. म्हणाले की या पंपाच्या तपासणीवर माझी सही आहे आणि ती चुकीची असू शकते.

पलीकडून माणसाने काहीतरी विचारलं. एक लांबलचक वाक्य, वरच्या पट्टीतलं, गोंगाटात मिसळून गेलेलं. डॉक्टरांनी रिसीव्हर कानावर दाबला. खोलीतले तिघेही त्यांच्याकडे बघत होते.

“जरा मोठ्याने आणि सावकाश बोला,” डॉक्टर म्हणाले. “मला कमी ऐकू येतं.”